कामावर निघालेली सायकल

उत्तरेस सातपुड्याची गाविलगडची रांग आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, यांच्यामध्ये पूर्णा नदीचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे. जुने लोक त्यास पयानघाट म्हणत. वऱ्हाडातील अकोला व अमरावती ही दोन मोठी शहरे याच मैदानाच्या आश्रयाने वाढली. त्यांच्यामधील अंतर सडकेने सुमारे शंभर किलोमीटर आहे. जमीन काळी, कसदार आणि पुष्कळ अंतरापर्यंत सपाट. या काळ्या जमिनीचे एक फळ, कापूस, भूगोलाच्या पुस्तकांत आवर्जून सांगितलेले असते. तिच्या सपाटीचे दुसरे एक फळ मात्र सहसा सांगितले जात नाही. ते हे, की या मुलखात सायकल फार चांगली चालते.

दिवस उगवण्याच्या सुमारास अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही वेशीवर उभे राहिले, तर सायकलींची एक वेगळीच मिरवणूक पाहावयास मिळते. दोन्ही बाजूंस दुधाच्या कॅन अडकवलेला गवळी, कॅरियरवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधलेला मुलगा, हँडलला जेवणाचा डबा लावलेला गवंडी, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून निघालेला त्याचा सोबती, पालेभाजीच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणणारा माळी, डाळमिलमधील हमाल, दुकानातील नोकर, दवाखान्यातील शिपाई. शर्यतीसाठी किंवा हौसेसाठी निघालेला यांत क्वचितच एखादा असतो. बाकी सर्वांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या दोन चाकांवर उभा असतो. सायकल नादुरुस्त झाली, की त्या दिवसाचा रोज बुडाला.

सायकल येण्यापूर्वी ही माणसे कशी जात असत? बहुतेक पायी. ज्याच्या घरी बैल असत, त्याची बंडी, रेंगी किंवा दमणी असे. शहरात टांगे होते. परंतु टांग्याचे भाडे रोजच्या रोज देणे मजुरास परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे माणूस जेथे काम करी, तेथून पायी जाण्याच्या अंतरावरच त्यास राहावे लागे. गिरण्यांच्या आणि जिनांच्या आसपास दाटीवाटीच्या वस्त्या वाढल्या, त्याचे हे एक मोठे कारण होते. भोंगा वाजला, की पंधरा मिनिटांत फाटकाशी पोचलेच पाहिजे, असा तेव्हाचा नियम.

येथे थोडे गणित करून पाहू. पायी चालणारा माणूस तासाभरात पाच किलोमीटर जातो. तेवढाच दम खर्च करून सायकलवरील माणूस पंधरा किलोमीटर जातो. अंतर तिप्पट झाले, एवढेच कोणीही म्हणेल. पण आता शहराच्या मध्यभागी एक बिंदू घ्या आणि त्याभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर भरेल. पंधरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचे क्षेत्रफळ सातशेच्या वर जाईल. म्हणजे तिप्पट नव्हे, तर नऊपट! कामापासून एक तासाच्या अंतरावर ज्यांना राहता येते, त्यांचा प्रदेश सायकलीने एकदम नऊ पटींनी वाढवला. शहरात खोली घेण्याची ऐपत नसलेला मनुष्य आपल्या खेड्यातच, आपल्या आईवडिलांजवळ, आपल्या दोन एकर शेताशेजारी राहून शहरातील मजुरी मिळवू लागला. कित्येक खेड्यांतील घरे केवळ यामुळे मोडली नाहीत.

बडनेरा हे या बाबतीतले चांगले उदाहरण. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे १८६७ साली नागपुरास पोचली. पण तिची मुख्य वाट अमरावती शहरातून गेली नाही. ती दहाएक किलोमीटर अलीकडे, बडनेऱ्यावरून गेली. पुढे बडनेरा ते अमरावती असा फाटा निघाला खरा. पण फाट्याची गाडी आपल्या वेळेस सुटणार आणि माणसाचे काम त्याच्या वेळेस सुरू होणार. हे दहा किलोमीटर पायी तोडावयाचे तर दोन तास गेले. सायकलने चाळीस मिनिटे पुरतात.

हे कसे साधते? यंत्र तर काही शक्ती निर्माण करीत नाही. सायकलीत न कोळसा, न पेट्रोल. जी शक्ती माणसाच्या पायांत चालताना असते, तीच सायकल चालवताना असते. मग तिप्पट अंतर येते कोठून?

चालण्याच्या क्रियेकडे नीट लक्ष द्या. प्रत्येक पावलागणिक आपले सबंध शरीर किंचित वर उचलले जाते आणि पुन्हा खाली येते. पाऊल जमिनीवर टेकताना थोडा वेग मारला जातो, तो पुढच्या पावलास नव्याने मिळवावा लागतो. शिवाय उभे राहण्यासाठीच काही स्नायू सतत ताणलेले असतात. सायकलवर बसलेल्या माणसाचे वजन सीटवर असते. ते उचलण्याचे काम पायांस राहत नाही. चाक एकसारखे फिरते, त्यास पावलापावलास थांबावे लागत नाही. जी शक्ती उचलण्यात आणि थांबण्यात वाया जात होती, ती सर्व पुढे जाण्याच्या कामी येते. १९७३ साली विल्सन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने निरनिराळे प्राणी आणि यंत्रे यांची तुलना केली. एक किलो वजन एक किलोमीटर नेण्यास कोणास किती शक्ती लागते, असा त्याचा हिशेब होता. घोडा, मासा, पक्षी, मोटार, विमान या सर्वांना मागे टाकून पहिला क्रमांक लागला तो सायकलवर बसलेल्या माणसाचा. नुसत्या माणसाचा नव्हे. चालणारा माणूस त्या यादीत त्याच्या खाली होता.

आता साखळीचे काम पाहू. पेडलजवळ एक मोठे दातेरी चक्र असते आणि मागच्या चाकास एक लहान. समजा, मोठ्यास ४४ दाते आहेत व लहानास १८. पेडल एकदा पुरते फिरले, की साखळीचे ४४ दुवे पुढे सरकतात, आणि तेवढ्यात लहान चक्र जवळजवळ अडीच वेळा फिरते. त्याबरोबर मागचे चाकही अडीच वेळा फिरते. गावोगावी दिसणाऱ्या काळ्या, दांडीच्या सायकलीचे चाक २८ इंची असते. त्याचा परीघ सव्वादोन मीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. अमरावतीहून बडनेऱ्यास जाण्यास पेडलचे अठराशे फेरे पुरतात. तेच अंतर पायी जाताना तेरा हजारांहून अधिक पावले टाकावी लागतात. आपल्या घरच्या सायकलीचे दाते मोजून हा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा. उत्तर थोडे निराळे येईल, पण फार निराळे येणार नाही.

चाकांच्या तारा हे तर एक आश्चर्यच आहे. बैलगाडीच्या चाकाचे आरे मनगटाएवढे जाड असतात. ते तसे असावेच लागतात. कारण गाडीचे ओझे चाकाच्या मधल्या तुंब्यावर येते आणि तुंबा खालच्या आऱ्यावर उभा राहतो. आरा बारीक असेल तर तो मोडेल. सायकलीची तार आगकाडीहून थोडी जाड, हाताने सहज वाकणारी. तिच्यावर उभे राहणे अशक्य! पण बारीक तार दाबली असता वाकते, तरी ओढली असता सहसा तुटत नाही. म्हणून सायकलीच्या चाकात तारा चारी बाजूंनी ताणून बसवतात. पुढच्या चाकात बहुधा ३२ आणि मागच्या चाकात, जेथे ओझे अधिक, तेथे ४०. सर्व तारा मधल्या तुंब्यास आपापल्या दिशेने ओढून धरतात आणि त्या ओढाताणीत तो अधांतरी स्थिर राहतो. एखाद्या तारेचा ताण कमीअधिक झाला, की चाक डुलू लागते. मग सायकल दुकानदार चाक उलटे धरून फिरवतो, एका बाजूस खडू टेकवतो, जेथे खडू लागेल तेथील तारा लहानशा चावीने पिळतो. यास त्यांच्या भाषेत ‘आउट काढणे’ म्हणतात. या दोन शब्दांत त्या लोकांनी इंग्रजी आणि मराठी यांची जी सोयरीक जुळवली आहे, ती कोणाही व्याकरणकारास सुचली नसती.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावयाचे, की सायकलीस मराठीत ‘पायगाडी’ असे एक चांगले नाव पूर्वी दिले गेले होते. ते टिकले नाही. ‘दुचाकी’ हा शब्द टिकला, पण तो मोटारसायकलीने पळवला. शेवटी मराठीने ‘सायकल’ हाच शब्द घेतला, त्यास स्त्रीलिंगी केले, आणि ‘सायकली’, ‘सायकलीला’, ‘सायकलीवरून’ अशी त्याची घरचीच रूपे चालवली. आता तो परका म्हणण्यात अर्थ नाही.

असे हे यंत्र कोण्या एका माणसाने एका दिवसात शोधून काढलेले नाही. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल द्राइस याने लाकडाची दोन चाके एकामागे एक जोडली आणि मध्ये बैठक केली. तिला पेडल नव्हते. बसणारा पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकास पेडल बसवण्यात आले. चाक मोठे केल्यास एका फेऱ्यात अधिक अंतर जाते, म्हणून लोक पुढचे चाक मोठे मोठे करीत गेले. ते माणसाच्या छातीपर्यंत उंच झाले, आणि त्यावरून पडणाऱ्यांची हाडे मोडू लागली. ते धाडसी तरुणांचे खेळणे होते. कामावर जाणाऱ्या माणसास त्याचा काय उपयोग? अखेर १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी ठेवून, पेडल मध्ये घेऊन, साखळीने मागचे चाक फिरवले. आज आपण जी सायकल पाहतो, ती मूळ हीच. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट येथे जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी नळी बसवली. मुलास खडबडीत रस्त्यावर हादरे बसू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. जगातील सर्व चाकांचा इतिहास त्याने बदलला.

त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि घेणारास चालवावयास शिकवीत. त्या काळी सायकल ही परदेशी आणि महाग वस्तू होती, श्रीमंतांनी मिरवावी अशी. याच सायकलीच्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवणारा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

सायकल सामान्य माणसाच्या हाती आली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, जेव्हा ती मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशात बनू लागली तेव्हा. १९४९ साली मद्रासेस, १९५१ साली सोनिपतला आणि १९५६ साली लुधियान्यास मोठे कारखाने निघाले. लुधियाना तर पुढे सायकलींचेच गाव झाले. तरीही १९५० व ६०च्या दशकांत नवी सायकल घेणे हा कुटुंबातील एक सोहळाच असे. महिनोन् महिने पैसे साठवावेत, दसऱ्यास किंवा पाडव्यास ती आणावी, तिला हळदकुंकू वाहावे, हार घालावा, आणि मगच तिच्यावर बसावे. लग्नात जावयास सायकल देण्याचीही चाल पडली. ती चाल चांगली होती असे म्हणता येत नाही, कारण त्यापायी पुष्कळ वधूपित्यांना कर्ज काढावे लागले. ज्यांना सायकल घेणे शक्य नसे, त्यांच्यासाठी भाड्याची दुकाने होती. तासावर सायकल मिळे. मुले उंचीने लहान आणि सायकली मोठ्या. म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून ‘कैची’ पद्धतीने ती शिकत. गुडघे फोडल्याशिवाय सायकल येत नाही, असे तेव्हाचे शास्त्रच होते.

त्या शास्त्रातील एक गोष्ट मात्र खरोखर शास्त्रज्ञांनाही फार काळ चकवीत राहिली. चालती सायकल पडत का नाही? फिरणाऱ्या चाकाच्या गुणधर्मामुळे तिचा तोल राहतो, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. २०११ साली नेदरलँड्स व अमेरिका येथील संशोधकांनी एक अशी सायकल बनवली, की तिच्यात चाकांचा तो गुणधर्म पूर्णपणे रद्द केलेला होता. तरीही ती ढकलून सोडली असता आपल्या आपण सरळ जात राहिली. सायकल ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस तिचे पुढचे चाक वळले पाहिजे, म्हणजे ती पुन्हा स्वतःच्या खाली येते, हे मर्म आहे. नवशिका नेमके उलटे करतो. उजवीकडे कलला की घाबरून हँडल डावीकडे फिरवतो आणि पडतो.

पूर्वी महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा लहानसा बिल्ला देत. तो सायकलीस लावलेला नसला, की दंड. रात्री दिवा नसला, तरी दंड. दिवा आधी रॉकेलचा असे. पुढे डायनामो आला. टायरला घासून डायनामोची लहानशी कळ फिरते, तिच्यासंगे आतील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ फिरतो आणि वीज उत्पन्न होते. यात एक गंमत आहे. सायकल जोरात गेली, की दिवा लख्ख. हळू झाली, की मिणमिणता. थांबली, की अंधार. म्हणजे चौकात थांबलेल्या माणसास, जेव्हा इतरांनी त्याला पाहणे अत्यंत अवश्य, तेव्हाच तो दिसेनासा होई.

वऱ्हाडची जमीन सपाट असली, तरी ऋतू सोपे नाहीत. काळी माती पावसात भिजली, म्हणजे ती पीठ मळल्यासारखी चिकट होते. पहिल्या पावसानंतर शिवारातील पांदणीतून सायकल घातली, की शंभर पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामधील जागा चिखलाने गच्च भरते. चाक फिरेनासे होते. काडीने चिखल काढावा, दहा पावले जावे, पुन्हा काढावा. शेवटी माणूस सायकल खांद्यावर घेतो आणि जिच्यावर बसून जावयाचे, तिलाच वाहून नेतो. म्हणून कित्येक शेतमजूर मृगाच्या आधीच मडगार्ड काढून ठेवतात. पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो, तो उमटू द्यावा. चाक तर फिरते! खेडे आणि डांबरी सडक यांच्यामध्ये एक किलोमीटर जरी अशी कच्ची वाट असली, तरी पावसाळ्याचे चार महिने त्या खेड्यास सायकलीचा निम्मा उपयोग उरत नाही. मोठे रस्ते किती झाले, हे सर्वजण मोजतात. ही एकेक किलोमीटरची वाट मोजण्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. अकोल्याचे तापमान मे महिन्यात कधी कधी ४६–४७ अंशांवर जाते. अशा वेळी उन्हात ठेवलेल्या सायकलीच्या ट्यूबमधील हवा तापून तिचा दाब वाढतो, पंक्चरवर लावलेले जुने ठिगळ सुटते, आणि भर दुपारी मोठा आवाज होऊन चाक बसते. म्हणून अनुभवी माणूस मे महिन्यात हवा किंचित कमीच भरतो आणि सायकल कडुनिंबाच्या सावलीत उभी करतो. स्वतःच्या डोक्यास तो दुपट्टा गुंडाळतो. खिशात कांदा ठेवण्याची पद्धतही या भागात आहे. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही या समजुतीस काही आधार नाही. डोके झाकणे, वरचेवर पाणी पिणे आणि दुपारी बारा ते चार शक्यतो न निघणे, यांस मात्र भरपूर आधार आहे. उन्हातून आल्यावर कैरीचे पन्हे मिळाल्यास त्याहून उत्तम.

हिवाळा सुखाचा, पण तेव्हा काटे असतात. पावसाळ्यानंतर वाटेच्या कडेने सराटे वाळून पडलेले असतात, बाभळीचे काटे असतात. पंक्चर काढणारे दुकान हे त्यामुळे प्रत्येक नाक्यावर लागते. निंबाचे किंवा वडाचे झाड, एका घमेल्यात पाणी, एक पंप, पान्हे, सोल्युशनची डबी आणि कानस. एवढ्यावर ते चालते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहणे, ही हवेच्या दाबाविषयीची एक सुंदर प्रयोगशाळाच आहे, आणि ती पाहण्यास शुल्क पडत नाही.

सायकलीने ज्यांचे जग सर्वांत अधिक रुंदावले, त्या कदाचित स्त्रिया असाव्यात. खेड्यात सातवीपर्यंत शाळा आणि आठवीपासून पुढची शाळा चार किलोमीटरांवर, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. मुलगा चालत जाई. मुलीस घरी बसवले जाई. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेची मोहीम चालू असताना स्त्रियांना लिहिण्यावाचण्याबरोबर सायकलही शिकवण्यात आली. हजारो शेतमजूर स्त्रिया शिकल्या. बिहार शासनाने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना काढली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळू लागले. सकाळी दहाच्या सुमारास वऱ्हाडातील सडकेवर गणवेश घातलेल्या मुलींची रांग सायकलीने जाताना दिसते. त्यांतील काहींच्या आयांनी आयुष्यात कधी सायकलीस हातही लावलेला नाही.

आता मात्र शहरांतून सायकली कमी झाल्या आहेत. अकोल्यातील सावतराम मिलसारख्या जुन्या गिरण्या बंद पडल्या. भोंग्याबरोबर फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढाही थांबला. हाती थोडा पैसा आला, की माणूस मोटारसायकल घेतो. यात त्यास दोष देता येत नाही. पंचवीस किलोमीटरांवर काम असेल आणि दिवसभर विटा उचलावयाच्या असतील, तर घरी परतताना पेडल मारण्याचा उत्साह कोठून राहणार? पण सायकली संपल्या, असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. २०११च्या जनगणनेत विचारण्यात आले, की तुम्ही कामावर कसे जाता? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांत पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी निघाले, आणि सायकलीने जाणारे सुमारे दोन कोटी साठ लाख. मोटारसायकल, स्कूटर यांवरून जाणाऱ्यांची संख्या त्या वर्षी सायकलस्वारांहून थोडी कमीच होती. मात्र हे दोन कोटी साठ लाख लोक मोठ्या आवाजात बोलत नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना सायकल सोडून दुसरे वाहन परवडत नाही, म्हणून ते सायकलवर आहेत.

त्यांच्यासाठी रस्त्यावर जागा किती? अमरावती व अकोला यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, हा जगाच्या नोंदीत गेलेला रस्ता आहे. ३ जून २०२२ रोजी सकाळी अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या दरम्यान डांबरीकरणास आरंभ झाला आणि ७ जूनच्या सायंकाळी पाच वाजता ते संपले. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदरीचा ७५ किलोमीटर लांबीचा अखंड थर घातला गेला. रात्रंदिवस पाळ्या लावून सुमारे सातशे वीस माणसे त्या कामावर होती. आधीचा विक्रम कतार देशातील दोहा येथील होता. तो पंचवीस किलोमीटरांहून थोडा अधिक होता. या पराक्रमाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. त्याच डांबरावरून आज मालमोटारी ऐंशीच्या वेगाने धावतात, आणि त्याच्या कडेच्या पट्ट्यावरून, पांढऱ्या रेघेच्या बाहेर, डाळमिलचा हमाल पंधराच्या वेगाने घरी जातो. अमरावती जिल्ह्यातूनच जाणारा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग तर सायकलीस बंदच आहे. तेथील वेग पाहता ते शहाणपणाचेच आहे. परंतु ज्या रस्त्यास दुसरी वाट नाही, तेथे सायकलस्वाराने जावे कोठून?

नेदरलँड्स या देशात आज सायकलींसाठी स्वतंत्र रस्ते आहेत, हे आपण ऐकतो आणि तो देश पहिल्यापासूनच तसा असावा असे समजतो. तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. मग आईबाप रस्त्यावर आले. मुलेही आली, आपल्या सायकली घेऊन. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सरकारला त्यांचे म्हणणे ऐकण्यास आणखी एक कारण मिळाले. पुढील काही दशकांत रस्ते नव्याने आखले गेले. सायकलीची वाट मोटारीच्या वाटेपासून कठड्याने, झाडांनी किंवा उंचीने वेगळी झाली. नुसती रंगाची रेघ मारून ती वेगळी होत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आपल्याकडे अशा वाटा सर्वत्र होईपर्यंत सायकलस्वारास वापरता येण्यासारखे एक साधन स्वस्त आहे. सायकलीच्या मागे तांबडा आणि पेडलांच्या कडांना पिवळा परावर्तक लावतात. वरवर तो प्लॅस्टिकचा तुकडा दिसतो. पण त्याच्या पाठीमागे बारीक बारीक कोपरे कोरलेले असतात. खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती आणि जमीन जेथे मिळतात तेथे, चेंडू जोराने मारला असता तो तिन्ही बाजूंवर आपटून आपल्याकडेच परत येतो. प्रकाशाचेही तसेच होते. दिव्याचा झोत कोणत्याही दिशेने पडो, या कोपऱ्यांवर तीनदा आपटून तो जेथून आला तेथेच परत जातो. त्यासाठी बॅटरी लागत नाही, डायनामो लागत नाही, आणि सायकल थांबली तरी तो विझत नाही. मागचा तांबडा ठिपका दुरून स्थिर दिसतो; तो सायकलीचा की उभ्या गाडीचा, हे चालकास चटकन ओळखता येत नाही. पेडलांचे दोन पिवळे ठिपके मात्र आळीपाळीने वर जातात आणि खाली येतात. तशी हालचाल रस्त्यावरील दुसऱ्या कोणत्याही वस्तूची नसते. मूर्तिजापूरच्या अंधाऱ्या सडकेवर मालमोटार चालवणाऱ्या माणसास ते दोन ठिपके दिसले, की सायकल किंवा स्वार दिसण्याच्या पुष्कळ आधी त्यास कळते, की पुढे एक माणूस पेडल मारीत घरी चालला आहे.